आमची वाटचाल: द्वारका ते अंबड, व्हाया रेडिएटर

आज आम्ही चिखलात चालणाऱ्या गाड्यांचा रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारी जाळी, उचलून वर बसवून देतो; सुरुवात मात्र साध्या दुरुस्तीपासून झाली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ रेडिएटरचं दुकान टाकलं तेव्हा कामाला तोटा नव्हता. कसारा घाट चढून आलेला ट्रक नाशिकपर्यंत तापून लाल व्हायचा आणि ड्रायव्हर थेट आमच्या दारात उभा राहायचा. सगळे रेडिएटर तांब्या-पितळेचे. टाकी उचकटायची, नळ्यांतून सळी फिरवून क्षार काढायचे, फुटक्या नळीला डाग द्यायचा, म्हणजे कथिल वितळवून भोक बुजवायचं, मग हौदात बुडवून हवा सोडायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. बोअरच्या पाण्याने आमचं घर चालवलं असं अण्णा म्हणायचे, कारण लोक कूलंटऐवजी, म्हणजे रेडिएटरच्या खास द्रवाऐवजी, तेच ओतायचे.

पुढे ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी आली. त्याला डाग लागत नाही. गळला की काढून टाका, नवा बसवा. दुकानात बसायला माणसं यायची, काम यायचं नाही. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून हाताशी आले ती या काळात. अण्णांचं म्हणणं, धंदा संपला. माझं म्हणणं, डाग संपला, गळती थोडीच संपली? मुद्रा कर्ज काढून ॲल्युमिनियम जोडणारं आर्गन वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि अंबड एमआयडीसीत एक अर्धा गाळा भाड्याने घेतला. सातपूर-अंबडच्या मशीन शॉपना हायड्रॉलिक तेलाचे कूलर लागतात. ते दुरुस्त करता करता बनवायला लागलो. घर चालत होतं, एवढंच.

एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी छोटी उघडी गाडी, आमच्याकडे आली ती इगतपुरीकडच्या एका रिसॉर्टवाल्यांमुळे. पर्यटकांना भातखाचरांच्या कडेने फिरवायला त्यांनी चारचाकी एटीव्ही घेतल्या होत्या आणि पावसाळा लागला की एकेक गाडी तापून बंद पडत होती. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) बदलून झाला होता, पंखा बदलून झाला होता. आम्ही गाडीच्या तोंडावरची जाळी काढून बघितली तर रेडिएटर दिसतच नव्हता. चिखलाची भिंत होती. कंपनी रेडिएटर बसवते पुढच्या दोन चाकांच्या मधे, बंपरच्या मागे, खाली. कोरड्या रस्त्यावर ती जागा उत्तम, समोरून सरळ वारा मिळतो. पण चिखलात पुढची चाकं जे उडवतात ते तिथेच जाऊन बसतं, आणि पंखा त्याला आणखी आत ओढतो. त्यात खोल पाण्यात गाडी घातली की फिरता पंखा पाण्यावर आपटतो; पाती वाकतात नाहीतर फ्यूज जातो.

अमेरिकेत चिखलात गाड्या घालणं हा मोठा छंद आहे आणि तिथे रेडिएटर उचलून पुढच्या कॅरिअरवर बसवण्याचे तयार किट मिळतात. रिसॉर्टवाल्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला आणि विचारलं, ताई, हे इथे होईल का? आयात किट मागवायचा तर किंमत आणि आयात शुल्क मिळून फार जात होतं. आम्ही हो म्हटलं.

लोकांची पहिली शंका असते ती पंपाची. एवढ्या वर पाणी चढवताना पंप दमणार नाही का? नाही दमत. चक्र बंद आहे. जेवढं पाणी एका बाजूने वर जातं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली येतं. लांब नळ्यांचं घर्षण थोडं वाढतं, तेवढंच. खरा वैरी हवा आहे. रेडिएटर वर नेला की नळ्यांना नवे चढ-उतार मिळतात आणि एखाद्या कमानीत हवा अडकून बसते. टेम्परेचरचा सेन्सर त्या हवेच्या फुग्यात आला तर तो पाण्याचं तापमान सांगतच नाही. मीटर थंड, पंखा बंद, आणि आत सिलिंडर हेड भाजून निघतंय. म्हणून आमचा नियम ठरला: भरण्याचं झाकण सगळ्यांत उंच, नळी इंजिनपासून झाकणापर्यंत चढतीच राहिली पाहिजे, मधे कुठे कुबड नको. भरताना गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला करून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही चहाला पाठवतो.

झाकणाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. साधं पाणी नाशिकच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १.१ बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली तेच १२० अंशांच्या पुढे जातं, कूलंट असेल तर आणखी वर. झाकणाचं रबर गेलं की हा सगळा फायदा गेला. हजारो रुपयांचं काम करून घेणारा माणूस झाकणाला शंभर-दोनशे रुपये द्यायला का कुरकुरतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

नळ्यांना आम्ही मधला लांब भाग ॲल्युमिनियमचा आणि वळणाला उष्णता सोसणारं ईपीडीएम रबर वापरतो. पाईपच्या टोकाला गोल उभार काढतो, नाहीतर दाबाखाली रबरी होज क्लिपसकट निसटतो. पंपाकडे परत जाणारी खालची नळी जाडच हवी. तिथे ओढ असते आणि मऊ होज चेपून बसतो. रेडिएटरची जाळी आम्ही मुद्दाम विरळ पात्यांची घेतो; पाती म्हणजे नळ्यांच्या मधले पातळ पत्रे. दाट पाती कागदावर जास्त उष्णता टाकतात, पण चिखलात आठवडाभरात बुजतात. आणि सगळं बसवायचं रबरी बुशवर, कारण कॅरिअर थरथरतं आणि ॲल्युमिनियमचा टाका थरथरीनेच तुटतो.

एक अडचण आम्हाला गिऱ्हाइकांनीच शिकवली. वर बसवलेल्या रेडिएटरची गरम हवा सरळ चालवणाऱ्याच्या छातीवर येते. ऑगस्टमध्ये ती बरी वाटते, एप्रिलमध्ये शिव्या मिळतात. पंखा उलटा फिरवा असं बरेच जण सुचवतात. पण मग पंखा वाऱ्याच्या विरुद्ध ढकलतो आणि वेगात दोघांची मारामारी होते. आम्ही रेडिएटर थोडा तिरका ठेवतो आणि मागे पत्र्याचा पडदा लावून झोत वर आणि बाजूला वळवतो.

आता थोडं कटू. रेडिएटर हलवून मागायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्याची गरज नसते. कॅरिअर अडतं, पुढे वजन उंच जातं, फांदीचा मार लागतो. कोरड्या मातीत चालणाऱ्या गाडीला मागच्या बाजूने हलक्या धारेने धुणं पुरतं. प्रेशर पंप जवळ धरला की पाती झोपतात. कधी कधी तर ११० सीसीची छोटी गाडी येते आणि तिला रेडिएटरच नसतो, ती एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्यानेच थंड होणारी असते! अशांना परत पाठवल्यावर अण्णा आधी डोक्याला हात लावायचे. पण तीच माणसं दुसऱ्याला घेऊन येतात, हे त्यांनीही पाहिलं.

निफाड-दिंडोरीच्या बागांतून आलेलं काम वेगळंच निघालं. फवारणीच्या गाड्या आणि छोटे ट्रॅक्टर द्राक्षांच्या ओळींतून गोगलगायीसारखे चालतात, समोरून वारा असा नाहीच, सगळा भार पंख्यावर. त्यात बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचे तुषार. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की बारीक खड्डे पडून जाळी गळते, आणि चुनाही ॲल्युमिनियमला मानवत नाही. पांढरे डाग पडलेली जाळी दिसली की आम्ही विचारतो, बोर्डो कधी मारलं? बागाईतदार चमकतात. तिथे आम्ही रेडिएटर ब्लोअरच्या झोतापासून दूर, पुढे आणि वर घेतो, आणि प्रत्येक फवारणीनंतर साध्या पाण्याने धुवायला सांगतो. रंगाचा जाड थर देऊ नका, उष्णता कोंडते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये रिसॉर्ट बंद होते, तेव्हा या बागांच्या कामाने भाडं निघालं. आता अर्ध्याचा पूर्ण गाळा झाला आहे. द्वारकेचं दुकान अण्णांनी सोडलं, पण त्यांचा टेस्टिंगचा हौद अंबडला आणलाय आणि कुठलंही किट त्यांनी बुडबुडे बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. हिशेब आणि जीएसटी माझे यजमान बघतात, त्यामुळे उधारी मागण्याचा वाईटपणाही त्यांच्याकडेच.

एक विनंती. पावसाळ्यासाठी गाडी करून घ्यायची असेल तर मेच्या सुरुवातीला आणा. नळ्या प्रत्येक मॉडेलला वेगळ्या वाकवाव्या लागतात, आणि जूनमध्ये सगळे एकदम येतात. येताना गाडी धुऊन आणू नका. चिखल कुठे बसतो ते आम्हाला बघायचं असतं.