पहिलं 'अहो'

आज आम्ही तिघे जुने मित्र बऱ्याच दिवसांनी निवांत बसलो होतो. मित्राच्या मुलीने समोरच मोबाईलवर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरला. चहा निवायच्या आत काम झालं. आम्ही मात्र थेट १९८९ मध्ये!

त्या वर्षी ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं आणि नोव्हेंबरच्या लोकसभेला आमची टोळी रांगेत. मिशा धड फुटल्या नव्हत्या, पण तोरा केवढा! शिक्का मारला आणि घडी घालताना शाई भलत्याच चिन्हावर उमटेल म्हणून मी मतपत्रिकेवर फुंकर मारत बसलो. पलीकडून अधिकारी ओरडले, "अहो, झालं का?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला 'अहो' म्हटलं होतं.

पुढच्याच वर्षी मंडल आयोगाच्या आरक्षणावरून या दोघांनी चार महिने अबोला धरला. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणावर भांडायला मात्र कुणाला सवड नव्हती, सगळे नोकरीच्या मागे.

"काका, तेव्हा मत कुणाला दिलंत?" पोरीने विचारलं.

तिघांनीही एकदम कप तोंडाला लावले.