आजींच्या अंगावरचे तीन पॅच

बडोद्यात कॅन्सर वॉर्डात काम करून मला १६ वर्षं झाली. तरी दांडिया बाजारातल्या त्या आजी डोक्यातून जात नाहीत.

वय ७४, स्तनाचा कॅन्सर मणक्यात पसरलेला. दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच, तासाला २५ मायक्रोग्रॅमचा. फेंटानिल म्हणजे मॉर्फीनच्या जातीचं जबर वेदनाशामक, कातडीवर चिकटवलेल्या पट्टीतून हळूहळू अंगात उतरणारं. डॉक्टर सकाळी दहाला 'डिस्चार्ज' लिहून गेले, कॅशलेसची मंजुरी आली संध्याकाळी सहाला. नातू दिवसभर बिलिंगच्या खिडकीवर. शेवटी रिक्षा दारात उभी असताना मी त्याला घाईघाईत सांगितलं: ७२ तासांनी जुना पॅच काढायचा, चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, मगच नवा दुसऱ्या जागी लावायचा. शेक अजिबात नको. "हो सिस्टर, हो सिस्टर." हातातला कागद सगळा इंग्रजीत. 'समजावून सांगितले' या चौकटीत मी बरोबरची खूण केली.

आठव्या दिवशी आजींना स्ट्रेचरवरून आणलं. हाक मारली की डोळे उघडायच्या, लगेच झापड. श्वास मिनिटाला आठ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पातळ सारलं तर खांद्यामागे एक पॅच, दंडावर दुसरा, छातीवर तिसरा. पाठ शेकून लाल झालेली. तीन दिवसांनीही पॅचमध्ये औषध उरतं, आणि शेकाने ते भराभर अंगात उतरतं. तिन्ही काढले, नॅलॉक्सोन हा त्यावरचा उतारा दिला. कातडीखाली साठलेलं औषध नंतरही उतरत राहतं, म्हणून रात्रभर श्वास मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी चहा मागितला. मग म्हणाल्या, "घरी दिवसभर कोण असतं बाळ? मीच लावत होते. जुना काढायचा हे मला कुणी सांगितलंच नाही."

खरं होतं. मी बोलत होते तेव्हा त्या दोन हातांच्या अंतरावर बसून चपला शोधत होत्या. रोज पोथी वाचणारी बाई, आणि मी त्यांच्याशी एक वाक्य बोलले नाही. म्हातारा पेशंट म्हटला की आम्ही सगळे नातेवाइकाकडेच तोंड करून बोलतो. ही सवय वाईट आहे.

या वेळी त्यांच्याच हातून पॅच काढवून घेतला. केमोने बोटांची टोकं बधिर, नखं ठिसूळ. कातडीला चिकटलेल्या त्या पातळ फिल्मची कड काही केल्या बोटात येईना. चार मिनिटं झटल्या. म्हणजे मी सांगितलं असतं, तरी त्यांना ते जमलं नसतं. मी सूनबाईंना फोन लावून त्यांनी पॅच बदलायची रात्रीची वेळ ठरवली. कॅलेंडरवरचे खुणेचे दिवस आजींनी स्वतः मोजून घेतले.