वहिनीनं पुढं ठेवलेली बाटली

दादाच्या कर्करोगावरची बारावी लाईट, म्हणजे किरणोपचार, झाली त्या संध्याकाळी वहिनीनं माझ्यापुढं हळदीच्या कॅप्सूलची एक बाटली ठेवली. "वन्सं, शेजारच्या काकूंनी दिलीय. अँटिऑक्सिडंट आहे म्हणे, ताकद येते. रोज दोन देऊ का?" दादाचं तोंड आतून सोलवटलं होतं, पेजसुद्धा घोटाघोटानं जायची. मी 25 वर्षं जीवशास्त्र शिकवते, तरी क्षणभर 'दे' म्हणणार होते.

दुसऱ्या दिवशी मिरजेत डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आमटीतली हळद खुशाल चालू दे, कॅप्सूल मात्र आत्ता नको."

त्याचं कारण वहिनीला मी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवावरून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यावरून, सांगितलं. लाईट पेशीतल्या पाण्याचे तुकडे करते, त्यातून फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर कण तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. अँटिऑक्सिडंट नेमकं या कणांनाच शमवतं. शेजारी ऑक्सिजन असेल तर ती मोडतोड पक्की होते. नसेल तर तेवढ्याच परिणामाला अडीच ते तीन पट मात्रा लागते. मोठ्या गाठीच्या पोटात रक्त धड पोचतच नाही, म्हणून ऑक्सिजनही कमी. पेवातही तेच. हळद भरून तोंड लिंपलं की आतला ऑक्सिजन संपत जातो, कीड जगत नाही. लहानपणी आजोबा पेव उघडल्यावर दोरीनं कंदील खाली सोडायचे. ज्योत विझली की "अजून न्हाय" म्हणत वर ओढायचे, आणि आम्ही काठावर मुकाट बसायचो. पेवात हळद टिकते, गाठीत नको ती पेशी टिकते.

वर ती पेशी गप्पही बसत नाही. एनआरएफ2 नावाचं प्रथिन कामाला लावून ग्लुटाथायोनचा साठा वाढवते, म्हणजे स्वतःचं अँटिऑक्सिडंट स्वतःच बनवते. तिला बाहेरून आणखी कशाला पुरवायचं?

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. डीएनए तुटला की पी53 आणि पी21 ही प्रथिनं पेशीचं विभाजन थांबवतात, आधी दुरुस्ती मग पुढचं काम. ही सोय आपल्याला रोज वाचवते. पण अँटिऑक्सिडंटनं ताण कमी होऊन तो मारण्याइतका नसेल, फक्त थांबवण्याइतकाच असेल, तर गाठीतल्या काही पेशी तशाच निजून राहतात. डोसीटॅक्सेलसारखं केमोचं औषध विभाजनाच्या वेळीच पेशीला गाठतं, निजलेली त्याच्या हाती लागत नाही. महिन्यांनी तीच उठते.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डोक्यामानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर झालेला अभ्यास 2005 मध्ये छापून आला. लाईट चालू असताना ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन दिलेल्यांना त्रास कमी झाला, पण त्यांच्यात गाठ परतण्याकडे कल जास्त दिसला. हे वाचलं तेव्हा दादाचं सोललेलं तोंड डोळ्यांपुढं होतं. त्रास कमी होणं किती मोलाचं, हे आता आमच्या घराला कळतं. म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं.

वहिनीनं बाटली फडताळात वर ठेवली आणि काकूंना स्वतः जाऊन सांगून आली. आज एकविसावी लाईट. सकाळी दादानं अर्धी वाटी मऊ भात खाल्ला, वर साजूक तूप.