ख्रिसमस त्यांचा, दिवाळी आमची

१९ नोव्हेंबर, रात्री

नवरा इथे अमेरिकेत विमान कंपनीत पायलट. त्याच्या डिसेंबरच्या बिडचा, म्हणजे महिन्याच्या ड्युट्यांसाठी भरलेल्या पसंतीचा, निकाल लागला. २४ आणि २५ला हा बाहेर, ३१लाही बाहेर. मी कॅलेंडरवर फुल्या मारल्या आणि भाजी फोडणीला टाकली.

सांगलीहून आईंचा फोन होता. "एवढी वर्षं झाली तिथे, साहेबांना सांगून बघ म्हणावं. पोरगी वाट बघते म्हणून सांग." आता त्यांना कसं समजावू, इथे सांगायला साहेबच नाही! प्रत्येक पायलट आपली पसंती संगणकात भरतो: अमुक दिवशी सुट्टी हवी, पहाटेचं रिपोर्टिंग नको, चार दिवसांची ट्रिप चालेल. मग सेवाज्येष्ठतेच्या यादीतल्या पहिल्या माणसापासून वाटप सुरू. त्याचं झालं की दुसऱ्याचं. खालपर्यंत येताना जे उरेल ते खालच्यांचं. अगदी तळाचे रिझर्व्हवर. त्यांच्या नावावर ठरलेली ट्रिपच नसते, फोन वाजला की बॅग उचलायची. वशिला लावायचा तर कुणाकडे?

बाबांना मात्र एका वाक्यात कळलं. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलेली, सेवाज्येष्ठता यादी म्हटल्यावर त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि एकाच दिवशी रुजू झालेल्यांचं काय?" पक्के मास्तर. बऱ्याच कंपन्यांत अशा वेळी वयाने मोठा तो वर. कुणी आपल्यापेक्षा आठवडाभर आधी जन्मला, तर निवृत्त होईपर्यंत तो आपल्याआधी निवडणार.

नंबर पुढे सरकतो तो बहुतेक वरचं कुणी निवृत्त झालं की. त्यामुळे आमच्या घरात परक्या माणसांच्या पासष्टीची चर्चा चालते. डिसेंबर २००७मध्ये अमेरिकेने पायलटांचं निवृत्तीचं वय ६०वरून ६५ केलं. वरच्यांना पाच वर्षं जास्त मिळाली आणि खालचे जवळजवळ जागच्या जागी अडकले. त्या काळातले लोक पार्टीत भेटले की अजून तावातावाने बोलतात. मंदी आली की हीच यादी उलटी वाचतात, शेवटी आलेला आधी घरी. आणि कंपनी बदलली तर हजारो तासांचा अनुभव असूनही पुन्हा तळापासून. २००१मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी विकत घेतली तेव्हा तिकडचे कितीतरी पायलट यादीच्या शेपटाला जोडले गेले. ११ सप्टेंबरनंतर कपात आली तेव्हा साहजिकच तेच आधी गेले. कॉकपिटमध्ये आयुष्य घालवलेली माणसं ती.

विश्रांतीचा कायदा आहेच. कुठल्याही १६८ तासांत सलग ३० तास मोकळे मिळायलाच हवेत, आणि ते मिळतात. पण मंगळवारी दुपारी सुरू होऊन बुधवारी रात्री संपले तरी कायद्याचं समाधान होतं. शनिवार हवा असेल तर नंबर लागतो.

तरी या यादीत आमच्यासारख्यांना एक फट सापडते. वरच्यांचा डोळा थँक्सगिव्हिंगवर, ख्रिसमसवर, ४ जुलैवर, उन्हाळ्याच्या सुट्टीवर. सप्टेंबरात शाळा सुरू झालेल्या असतात, तेव्हा मधल्याच वारी आलेली गणेश चतुर्थी कुणाला हवी असते? लक्ष्मीपूजनाला हा सोवळ्याबिवळ्याच्या गप्पा मारत घरात होता, आणि इथल्या मंडळातले आयटीवाले कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये. यंदाचा फराळ त्यानेच तळला. चकल्या जरा कडकच झाल्या, पण ते असो.

मला स्वतःला ही पद्धत माझ्या ऑफिसपेक्षा बरी वाटते, हे मी याच्यासमोर फारसं कबूल करत नाही. आमच्याकडे रजा कुणाला, बढती कुणाला हे मॅनेजरच्या मर्जीवर, आणि वर त्याला गुणवत्ता म्हणायचं. नंबर तुमचं आडनाव बघत नाही, उच्चार बघत नाही, कुणाबरोबर गोल्फ खेळता ते बघत नाही. घरी कोण आजारी आहे तेही बघत नाही, ही त्याची दुसरी बाजू. तेवढ्यापुरता कुणी सहकारी ट्रिप बदलून देतो, त्याच्या भलेपणावर.

सध्या घरात वाद आहे तो अपग्रेडचा, म्हणजे याने कॅप्टन व्हायचं की नाही याचा. नंबर फक्त आपल्या बेसवर, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते त्या विमानतळावर, आपल्या विमानावर, आपल्या खुर्चीपुरता मोजायचा. उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकांत, हा आता बऱ्यापैकी वर आला आहे, महिन्यातले दोन-तीन शनिवार-रविवार मिळतात. कॅप्टन झाला की पगार चांगलाच वाढेल, पण कॅप्टनांच्या यादीत तो तळाला, म्हणजे पुन्हा रिझर्व्ह आणि पुन्हा उशाशी फोन. हा म्हणतो, वरचे काही निवृत्त होऊ देत, मग बघू. मी म्हणते, आत्ताच घे. आणखी दोन-तीन वर्षांत पोरीलाच शनिवारी बाप घरात नको असेल.