डीजी सुरू झाला, पण ब्रेकर लागेना

६ जून २०२३, मंगळवार. मराठवाड्यातल्या एका औष्णिक केंद्रात आमची पहिली पाळी. अडीचशे मेगावॅटचा एक संच वार्षिक देखभालीसाठी बंद होता आणि पाऊस तोंडावर आला होता. मान्सूनपूर्व कामांत एक चाचणी ठरलेली असते. संचाच्या इमर्जन्सी बोर्डाचा, म्हणजे अत्यावश्यक यंत्रांना वीज देणाऱ्या पॅनेलचा, नेहमीचा पुरवठा मुद्दाम तोडायचा आणि डिझेल जनरेटर (डीजी) कुणी हात न लावता भार उचलतो का, ते बघायचं.

क्रम सोपा असतो. बोर्डावरचं व्होल्टेज गेलं की ते ओळखणारा अंडरव्होल्टेज रिले पडतो. दोन-तीन सेकंद वाट बघून, म्हणजे हा नुसता झटका नाही याची खात्री करून, तो डीजीला सुरू होण्याचा आदेश देतो. इंजिन वेग घेतं, व्होल्टेज उभं राहतं, नेहमीचा पुरवठा आणणारा ब्रेकर, म्हणजे इनकमर, उघडा आहे हे तपासलं जातं आणि डीजीला बोर्डाशी जोडणारा ब्रेकर लागतो. सगळं दहा ते पंधरा सेकंदांत. तोवर २२० व्होल्टची बॅटरी बँक टर्बाइनच्या बेअरिंगला तेल देणारा डीसी पंप सांभाळते. संच चालू असताना अंधार झाला आणि ते तेल मिळालं नाही, तर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवरून उतरणारा रोटर बेअरिंग खाऊन टाकतो. थांबल्यावर बॅरिंग गिअरने तो सावकाश फिरवत ठेवला नाही, तर गरम शाफ्ट वाकतो.

त्या दिवशी इंजिन सातव्या सेकंदाला धडधडलं. व्होल्टेज आलं. ब्रेकर मात्र लागेना. डीजी घरात नुसता गरजत होता आणि बोर्ड मेलेला. हातानं बटण दाबून पाहिलं, तरी नाही. जुन्या तंत्रज्ञांनी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पॅनेलला कान लावला आणि म्हणाले, "साहेब, कॉइलला सप्लायच येईना बघा. इंटरलॉक धरून बसलाय." बरोबर होतं. नेहमीचा इनकमर उघडला होता, पण तो उघडल्याची बातमी देणारा सहायक संपर्क राखेच्या बारीक धुळीनं अडकला होता. डीजीच्या मते जुना पुरवठा अजून जोडलेलाच होता, आणि दोन पुरवठे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो शहाण्यासारखा थांबला होता. इनकमरची ट्रॉली बाहेर ओढली तेव्हा कुठं ब्रेकर लागला. चार मिनिटं चाळीस सेकंद. संच थंड होता, म्हणून नुकसान शून्य.

दर आठवड्याला डीजी पाच मिनिटं रिकामा चालवून "ओके" लिहिलं जात होतं. त्या चाचणीत इंजिन तपासलं जातं, ब्रेकर नाही. शिवाय बिनभाराचं इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी धरतं. ही आमच्या धंद्यातली सर्वात जुनी फसवणूक आहे.

चहाला बसलो तर मोबाइलवर बातमी: युक्रेनमधलं काखोव्का धरण पहाटे फुटलं. शिकाऊ अभियंत्यानं विचारलं, "सर, त्या धरणाच्या पाण्यावरचं अणुकेंद्र तर बंदच आहे ना? मग त्याला पाणी कशाला?"

प्रश्न रास्त होता. आमच्या बॉयलरमध्ये कोळसा बंद केला की आग विझते. अणुभट्टीत विखंडन काही सेकंदांत थांबतं, पण फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतः किरणोत्सर्गी असतात आणि क्षय पावताना उष्णता देत राहतात. काखोव्काच्या पाण्यावरच्या झापोरिझ्झिया अणुकेंद्राची एक भट्टी साधारण ३००० मेगावॅट उष्णतेची. बंद केल्या क्षणी त्यातली सुमारे साडेसहा टक्के उरते, म्हणजे जवळपास २०० मेगावॅट. तासाभरानं दीड टक्का, दिवसानं अर्धा टक्का. पुढं उतरण फार मंद होते. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्सुनामीनं डिझेल जनरेटर आणि विजेचे बोर्ड बुडवले, आणि बंद असलेल्या तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं. आमची सकाळची चार मिनिटं चाळीस सेकंदं तिथं दिवसांत मोजावी लागली.

झापोरिझ्झिया रशियन सैन्याच्या ताब्यात आहे. अणुकेंद्र ताब्यात घेतलं म्हणजे काहीतरी स्फोट करायचा डाव असणार, असं लोकांना वाटतं. तिथलं पाच टक्क्यांहून कमी समृद्ध केलेलं इंधन बॉम्बसारखं फुटू शकत नाही. ज्याच्या हाती ते केंद्र आहे त्याला भट्टीला हात लावायची गरजही नाही. बाहेरून येणारी वीज, थंड करणारं पाणी आणि पाळीवरची माणसं, या तिन्हींच्या गळ्यावर बोट ठेवलं की पुरे.

वीज आधी घेऊ. झापोरिझ्झिया म्हणजे सहा भट्ट्या, ५७०० मेगावॅट, युरोपातलं सर्वात मोठं केंद्र, युद्धापूर्वी युक्रेनच्या विजेचा सुमारे पाचवा हिस्सा. रशियन सैन्यानं ते ४ मार्च २०२२ ला गोळीबार करत घेतलं, प्रशिक्षण इमारतीला आग लागली. त्याआधी तिथं ७५० किलोव्होल्टच्या चार आणि ३३० किलोव्होल्टच्या सहा वाहिन्या होत्या. त्या एकेक करत तुटत गेल्या. २५ ऑगस्ट २०२२ ला केंद्र पहिल्यांदा ग्रिडपासून पूर्ण सुटलं आणि ११ सप्टेंबरला शेवटची चालती भट्टी बंद करावी लागली. तिथं आणीबाणीचे वीस डिझेल जनरेटर आहेत. पुढं २३ सप्टेंबर २०२५ ला बाहेरची वीज गेली ती तब्बल महिनाभर, आणि स्थानिक शस्त्रसंधी करून वाहिन्या दुरुस्त झाल्या तेव्हाच आली. पाच मिनिटांच्या चाचणीसाठी ठेवलेलं यंत्र महिनाभर भारावर चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं डिझेलचा गाळ धरलेला स्ट्रेनर (गाळणी) उघडलाय त्याला विचारा. इंजिन टिकलं तरी डिझेलचे टँकर युद्धरेषेतून यायचे असतात. ते थांबवणं हा दबावाचा स्वस्त मार्ग आहे.

मराठवाड्याला पाण्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. जायकवाडीचा नाथसागर आज किती टक्के, हा आमच्याकडं हवापाण्याचा नव्हे तर पोटाचा प्रश्न असतो. काखोव्का जलाशय १८ घनकिलोमीटरचा, म्हणजे साधारण सहा नाथसागर एका जागी. त्या संध्याकाळी आकडे आले: सकाळी आठला पातळी १६.४ मीटर, तासाला पाच सेंटिमीटर घट, आणि १२.७ मीटरखाली गेली तर पंपांना पाणी ओढता येईल याची खात्री नाही. शिकाऊ पोरानं लॉगशीटच्या मागंच गुणाकार केला. चौऱ्याहत्तर तास, धड तीन दिवस. "मृतसाठा म्हणा की," मामा म्हणाले. प्रत्यक्षात पाणी त्याहूनही लवकर उतरलं.

तरी केंद्र वाचलं, आणि ते का वाचलं हे नीट बघण्यासारखं आहे. भट्ट्या बंद होऊन नऊ महिने होत आले होते, त्यामुळं उष्णता फार उतरली होती. शेजारी बांध घालून वेगळा केलेला शीतकरण तलाव भरलेला होता. नंतर आवारातच अकरा विहिरी खोदल्या गेल्या, त्यातून तासाला सुमारे २५० घनमीटर पाणी निघतं. आमच्या हिशेबानं हे काहीच नाही. कूलिंग टॉवरवाल्या जुन्या औष्णिक संचाला दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटरची मर्यादा आहे, म्हणजे एवढ्या पाण्यात कोळशाचे सत्तरेक मेगावॅट निघतील. सहा बंद भट्ट्यांना मात्र ते पुरतं. याच भट्ट्या त्या दिवशी पूर्ण भारावर असत्या, तर तलाव आणि विहिरींच्या भरवशावर कुणीही झोपलं नसतं.

माणसांचा प्रश्न मला सर्वात वाईट वाटतो, कारण तो कुठल्याच मीटरवर दिसत नाही. युक्रेनमधलंच चेर्नोबिल अणुकेंद्र २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं. आदल्या दिवशी कामावर आलेली पाळी २० मार्चपर्यंत सुटलीच नाही. सलग दुसरी पाळी केली की आमच्या माणसाचा हात चुकीच्या ब्रेकरवर जातो, तिथं जवळपास चार आठवडे. ९ मार्चला त्या केंद्राची वीजही गेली. शेवटची भट्टी २००० सालीच बंद झाल्यानं तिथलं वापरलेलं इंधन जुनं, थंड होत आलेलं, म्हणून निभावलं. देखरेखीची उपकरणं व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला जी माहिती पाठवायची तीही तुटली. ठेवलेल्या मालाचा हिशेब खंडित झाला की नंतर कुणी काहीही आरोप करू शकतो, हा वेगळाच धोका. झापोरिझ्झियात केंद्राच्या संचालकांना ३० सप्टेंबर २०२२ ला ताब्यात घेऊन काही दिवसांनी सोडलं. परवाना एका देशाचा आणि बंदूक दुसऱ्याची, अशा ठिकाणी "हा पंप बंद करू नका" हे शिफ्ट इनचार्जनं कुणाला सांगायचं?

सैन्याला यातून जे मिळतं ते सरळ आहे. ज्या भिंतींवर समोरचा तोफ डागू शकत नाही त्या भिंतींआड वाहनं उभी करता येतात. टर्बाइन हॉलमध्ये लष्करी ट्रक आणि कुंपणांच्या मधल्या पट्ट्यात सुरुंग याच संस्थेच्या तज्ज्ञांनी झापोरिझ्झियात पाहिले आहेत. शत्रूची पाचवा हिस्सा वीज एका जागी बसून रोखता येते. आणि वाटाघाटीत कायम एक पत्ता हाती राहतो.

कायद्याचं कवच इथं आखूड पडतं. जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला पूरक करार (प्रोटोकॉल), कलम ५६, धरणं आणि अणुवीज केंद्रांवरच्या हल्ल्याला मर्यादा घालतो. भारत आणि पाकिस्ताननं ३१ डिसेंबर १९८८ ला केलेल्या करारात एकमेकांच्या अणुस्थळांचा नाश किंवा नुकसान करणार नाही असं म्हटलंय, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होते, तणाव कितीही असो. चांगला करार आहे. पण एक वीटही न पाडता आत शिरून बसलेल्या सैन्याचं काय, हे दोन्हीकडं स्पष्ट लिहिलेलं नाही.

कुणीच ताबा ठेवला नाही तरी बरं होत नाही. २००३ मध्ये इराकच्या तुवैथा अणुसंशोधन केंद्रावरचा पहारा उठला, तेव्हा आसपासच्या लोकांनी युरेनियमचे पिंप पळवले, आतली पिवळी पूड ओतून दिली आणि पिंपं पाणी साठवायला नेली. टँकरची वाट बघत निळ्या ड्रमची रांग लावणाऱ्या आमच्या गावांना यात अजिबात नवल वाटणार नाही.

दुपारी संपर्क साफ करून, तिन्ही इनकमरचे सहायक संपर्क मल्टिमीटरनं तपासून, चाचणी पुन्हा घेतली. बारा सेकंद. मामांनी लॉगबुकात सकाळची वेळ खोडायची का विचारलं. दोन्ही वेळा लिहा म्हटलं, आणि खाली ओळ टाकली: साप्ताहिक चाचणी यापुढं भारावर, किमान अर्धा तास.