ग्राम्फू ते बातल: नाला सकाळीच ओलांडावा

पुणे ते मनाली हायवेच आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अटल टनेलमधून बाहेर पडलो, कोकसरवरून ग्राम्फूला आलो आणि स्पितीतल्या काझाच्या फाट्यावर डांबर संपलं. इथून बातल जेमतेम ५० किलोमीटर, पण चंद्रा नदीकाठच्या दगडगोट्यांत चार तास धरूनच निघावं.

फाट्यावर आधी चाकांची हवा पाहिली. उंचीमुळे ती मीटरवर वाढलेली दिसते, थंडीमुळे कमी, त्यामुळे अंदाज चालत नाही, गेज जवळ हवंच. ३२ पीएसआयची हवा २६वर आणली की टायर दगडावर बसतो, उड्या मारत नाही. २०च्या खाली मात्र नको. धारदार दगडाने बाजूची भिंत फाटते.

छत्रूच्या पुढे रस्त्यावरूनच वाहणारे, वितळत्या बर्फाचे नाले सुरू होतात. रात्री वर बर्फ गोठतं म्हणून सकाळी पाणी कमी असतं. दुपारी तोच नाला दुप्पट होऊन दगड लोटत येतो. आम्ही आठला पोचलो. गाडी थांबवून काठी घेऊन पाण्यात उतरलो, तर मागून हॉर्न सुरू! मला याचा मनापासून राग येतो. ती पाच मिनिटं प्रत्येकाने द्यायलाच हवीत. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण इथे अक्षरशः कामाला येते. पाणी खळाळतं तिथे तळाला दगड असतात आणि खोली कमी; गप्प, काळपट दिसतं तिथे खड्डा. माणसाला धड उभं राहता येत नसेल किंवा पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल, तर गाडी घालू नये.

घातली की मग थांबायचं नाही. पहिला गिअर, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) असेल तर लो रेंज, म्हणजे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर, माणसाच्या चालीचा वेग, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, क्लचवरून पाय बाजूला. स्टिअरिंगच्या आत अंगठे अडकवू नयेत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं. मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह होतो, पण ऑइलची पेटी तिथेच फुटते. त्यावर चाकच चढवावं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवले.

बातलनंतर कुंझुम खिंडीचा चढ, साडेचार हजार मीटरच्या वर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद इथे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते, म्हणून वळणाच्या आधीच गिअर खाली घ्यावा. चढावर गाडी अडलीच तर ब्रेक धरून रिव्हर्स टाकावा आणि सरळ मागे यावं. तिथेच आडवी वळवली तर ती कलंडते. क्लच दाबून मागे घसरू देणं तर त्याहून वाईट.

खिंडीपलीकडे लोसर गावाकडच्या उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरातच उतरलो, ब्रेक फक्त टेकवण्यापुरता. मागचं टोक सरकायला लागलं तर ब्रेक सोडून किंचित रेस द्यावी, चाकं पुन्हा पकड घेतात.

डांबर लागल्यावर हवा परत ३२ केली, चाकांचे नट पान्याने तपासले. डाव्या पुढच्या चाकाचे दोन सैल झाले होते.