पेत्र पंगतीतून उठला तेव्हा

बुधवार, रात्री

आमच्या बायबल अभ्यासात सध्या 'प्रेषितांची कृत्ये' चालू आहे, म्हणजे येशूचे प्रेषित आणि पहिली मंडळी यांची हकिकत सांगणारं नव्या करारातलं पुस्तक. दुसरा अध्याय आला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. एकत्र प्रार्थना, घरोघरी भाकर मोडणं, कुणी जमीन विकतंय, कुणी मालमत्ता, आणि ज्याला जशी गरज तसं वाटून दिलं जातंय. आज एका तरुणाने विचारलं, "आपण प्रेषितांच्या मागे चालायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" उत्तरं भराभर आली. उपवास करायचा, रात्रभर प्रार्थना करायची, आजाऱ्यांवर हात ठेवायचे, गावोगाव सुवार्ता सांगायची. खरीच आहेत ती. तरी घरी येताना मनात एकच घोळत होतं: प्रेषितांचे चमत्कार आपल्याला तोंडपाठ आहेत, त्यांची भांडणं मात्र आपण भराभर वाचून पुढे जातो. नव्या कराराने ती लपवलेली नाहीत.

सहावा अध्यायच घ्या. यरुशलेमच्या मंडळीत रोजचं वाटप चालायचं आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. "तुमच्यातूनच सात जण निवडा," असं त्यांनी सांगितलं. लोकांनी निवडलेले ते सात म्हणजे स्तेफन, फिलिप्प आणि आणखी पाच. सातही नावं ग्रीक आहेत आणि त्यातला नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचा कारभार गेला, असंच मी ते वाचते. एवढं आपल्या किती मंडळ्यांना जमेल?

शुक्रवार

आज वाचताना त्या बारा जणांतल्या पेत्राच्या मागे मागे गेले. यापो गावात तो समुद्रकाठी शिमोन नावाच्या माणसाच्या घरी उतरला होता. शिमोनाचा धंदा कातडी कमावण्याचा. मेलेल्या जनावरांना रोज हात लावणारा माणूस त्या काळच्या यहुद्यांच्या नजरेत कसा असेल, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागू नये. त्याच घराच्या धाब्यावर पेत्राला दृष्टान्त झाला: देवाने जे शुद्ध केलं त्याला तू अशुद्ध मानू नकोस. तिथून तो कैसरीयाला यहूदी नसलेल्या रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी गेला, त्यांच्यात राहिला, परत आल्यावर यरुशलेमात त्याबद्दल जाब विचारला गेला तेव्हा ठामपणे बोलला.

आणि तोच पेत्र अंत्युखिया शहरात पंगतीतून उठला.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौलाने हे स्वतः लिहिलंय. पेत्र तिथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली. ती काय म्हणतील या भीतीने तो मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदी विश्वासणारे उठले. बर्णबासुद्धा उठला! पहिल्या मंडळीसाठी शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा, पौलाला बोट धरून पुढे आणणारा बर्णबा. हे वाचताना मला दर वेळी पेत्रापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं. चांगली माणसं अशीच उठतात. त्यांच्या मनात द्वेष नसतो, पाहुण्यांचा संकोच असतो.

शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा मिळालं ते याच अंत्युखियात. नाव मिळालं तिथेच पंगत फुटली.

पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला त्याची चूक दाखवली. पेत्राने काय उत्तर दिलं ते पत्रात नाही. पण पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख 'आपला प्रिय बंधू' असा आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. ज्याला चारचौघांत चूक दाखवली गेली त्याच्या नावाने मंडळीने हे शब्द जपून ठेवले.

शनिवार

आत्याचा फोन आला होता. भाचीसाठी स्थळ आहे. मुलगा शिकलेला, नोकरीला, घरचे नियमाने देवळात जाणारे. सगळं सांगून झाल्यावर आत्याने आवाज खाली केला: "आडनाव बघ ना पण. मूळचे कुठले असतील?" तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती आम्ही, आणि मूळ शोधतोय बाप्तिस्म्याच्या पलीकडचं. मी म्हटलं, "आत्या, मुलगा प्रार्थनेचा आहे ना?" ती म्हणाली, "तसं नाही गं, लोक विचारतात." लोक म्हणजे याकोबाकडून आलेली माणसं, दुसरं कोण.

फोन ठेवल्यावर लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाई आधी दूर राहिल्या, आणि पुन्हा संसार एकत्र झाल्यावरही सोवळं पाळत होत्या. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या. त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांचा आधी भेद गेला, मग पाणी पडलं. आमचं पाणी पडून शंभर वर्षं होऊन गेली.

दुसरंही एक आहे आणि तेही लिहून ठेवते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. धर्म बदलला तरी जातीचा जाच सुटला नाही, हे आमचं म्हणणं खरं आहे आणि ती मागणी न्यायाची आहे. पण सरकारपुढे हे सांगायचं आणि मंडळीत पाहुणे आले की "आमच्यात जात नाही" म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एका तोंडाने कशा बोलायच्या?

रविवार, दुपारी

आज प्रभुभोजन होतं. वाचन पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं. करिंथात एकत्र जमल्यावर जो तो आपलं जेवण आधीच उरकायचा. काही उपाशी, काही पिऊन मस्त. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता का, असं पौल विचारतो. बरेचदा आपण हा अध्याय फक्त स्वतःच्या खासगी पापांची तपासणी करायला वापरतो. पौलाचा राग तर पंगतीतल्या भेदावर होता.

माझ्या डोळ्यांपुढे आमचा कापणीचा सण आला. दूरच्या वस्त्यांवरची कुटुंबं टेंपोने येतात, कुणी पायी. ती पोहोचेपर्यंत गावातल्या लोकांची पहिली पंगत उठलेली असते. मग शेवटी भांडी घासायला त्याच वस्त्यांवरच्या बाया बसतात. कुणी तसं ठरवलेलं नाही. कुणी मोडलेलंही नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोलले. या वर्षी वस्त्यांवरची माणसं आल्याशिवाय एकही पान वाढायचं नाही, आणि अर्पणाच्या धान्याचा हिशेब नि वाटप वस्त्यांवरच्या बायकांकडे द्यायचं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "पंचांपुढे तुम्हीच मांडा, मी पाठीशी आहे," म्हणाले. पंचांमध्ये आत्याचे यजमानही आहेत. त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोलावं की थेट बैठकीत, हे अजून ठरत नाही. पौल सगळ्यांसमोर बोलला होता.